खाडा आणि रजा : चटई कारखान्यातल्या मूल्यमापनाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

काम हातात आलं. जळगाव एमआयडीसीतला चटईचा कारखाना. नाव वहीत लिहायचं नाही असं ठरलंय, म्हणून नुसतं 'कारखाना'. २०२२ पासून इथे 'विविधता व समावेशन कार्यक्रम' चालू आहे. परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट येतंय, त्याच्यापुढे ठेवायला बाहेरच्या माणसाचा अहवाल पाहिजे. तो बाहेरचा माणूस म्हणजे मी. सोबत एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. ती धडगावकडची (सरकारी कागदावर अक्राणी तालुका), घरची बोली पावरी. तिचं फील्डवर्क यातच धरलंय.

एचआर मॅनेजर अर्ध्या तासात तीनदा 'स्कोअर' म्हणाले. शंभरपैकी किती तेवढं सांगा, बाकी तुम्ही लिहाल ते लिहा. मी म्हटलं, कार्यक्रमाने काय बदलायचं ठरवलं होतं ते आधी दाखवा. त्यांनी फाइल काढली. पहिल्या पानावर एकच ओळ: 'सर्वसमावेशक संस्कृती निर्माण करणे.' हे कशाने मोजायचं, हे अर्थातच फाइलमध्ये नाही. सुरुवातीची स्थितीही कुठे टिपलेली नाही. तीन वर्षांपूर्वी काय होतं ते माहीत नसेल तर तीन वर्षांत काय झालं ते कसं सांगणार? हजेरीचे जुने मस्टर मागितले. 'मस्टर? त्यात काय आहे?' असा चेहरा झाला, पण देतो म्हणाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर कागद. तीन वर्षांत केलेल्या गोष्टी: दर वर्षी दोन तासांची दोन प्रशिक्षणं, फेब्रुवारीत विविधता सप्ताह, महिला दिन, पोस्टर स्पर्धा, रमजानमध्ये एक इफ्तार, दिवाळीत एक 'एकता पुरस्कार'. प्रत्येकाचे फोटो आहेत. फोटोत माणसं तीच तीच दिसतात.

प्रशिक्षणाच्या शेवटी भरून घेतलेले फॉर्म पाहिले. जवळपास सगळीकडे 'उत्तम'. १९५९ मध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिकने प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, समजलं का, वागण्यात उतरलं का, आणि कामाच्या ठिकाणी त्याने काही फरक पडला का. कारखाना तीन वर्षं पहिल्या पायरीवर बसून चहा पितोय. शिवाय फॉर्म इंग्रजीत आणि भरणाऱ्यांत लूमवरची (चटई विणायच्या यंत्रावरची) माणसं. ते त्यांनी कसे भरले असतील हे विचारायला नकोच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पावणेसातला गेटवर. पहिली पाळी सातला लागते. गेटवर दोन रांगा. डावीकडे पर्मनंट, बायोमेट्रिकवर बोट ठेवून आत. उजवीकडे ठेकेदारांची माणसं, मुकादम टोकन नंबर पुकारतो आणि वहीत खूण करतो.

मी व्हिजिटर पास घेत होते. विद्यार्थिनी माझ्या मागे चार पावलांवर. वॉचमन तिला म्हणाला, 'ए, तिकडच्या लायनीत. टोकन कुठेय?' तिच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं. मी बोलायच्या आत तिनेच ते वर करून दाखवलं. वॉचमन ओशाळला, 'सॉरी मॅडम' म्हणाला, आणि ते 'मॅडम' माझ्याकडे बघून म्हणाला.

रिक्षात परत येताना मी विषय काढला. ती म्हणाली, 'मॅडम, हे नोंदीत घ्या. माझ्यासाठी नको, डेटा म्हणून.' घेतलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कारखान्याचा वार्षिक विविधता तक्ता आज उलगडला. पर्मनंट २१२. त्यात महिला १९, अनुसूचित जमाती ३०, अल्पसंख्याक १७, दिव्यांग ४. बेरीज ७०. म्हणजे 'विविध घटक ३३ टक्के', आणि हाच आकडा गेल्या वर्षीच्या रंगीत पुस्तिकेत मोठ्या टायपात छापलाय.

नावांची यादी मागून घेतली. घोळ तडवींपाशी सापडला. यावल, रावेर, चोपडा पट्ट्यातले तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आणि कायद्याने अनुसूचित जमात. खान्देशात हे शाळकरी पोराला माहीत असतं. पण तक्ता बनवला पुण्याच्या एजन्सीने. त्यांनी ११ तडवी एकदा जमातीत धरले, एकदा अल्पसंख्याकांत. सहा बायका जमातीतल्या, त्या महिलांतही आहेत आणि जमातीतही. आणि पॅकिंगची एक तडवी बाई तिन्ही रकान्यांत आहे! एकटीने तीन माणसांचं वैविध्य सांभाळलंय. तिचा पगार मात्र एकच.

जोडमोजणी काढली की माणसं उरतात ५३. म्हणजे २५ टक्के.

एचआरला फोन केला. 'पण मॅडम, प्रत्येक रकाना तर बरोबर आहे ना?' रकाना बरोबर आहे. बेरीज चूक आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कालच्या तक्त्यात नसलेलीच गोष्ट मोठी निघाली. तीन ठेकेदार मिळून २६४ माणसं. कडा शिवणं, पॅकिंग, प्लास्टिकचा दाणा भरणं, गाडी भरणं हे सगळं त्यांच्याकडे. यात ६४ बायका. धडगाव, शिरपूर, चोपड्याच्या वरच्या पाड्यांवरची पावरा आणि भिल्ल माणसं जवळजवळ सगळी याच बाजूला. कार्यक्रम मात्र फक्त पर्मनंट लोकांसाठी. दोन तासांचं ते प्रशिक्षणसुद्धा.

गंमत अशी की ठेक्याची माणसं धरली तर महिलांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून १७ वर जातं. कारखान्याला आकडा फुकटात सुधारून मिळतो. तरी ती धरायची नाहीत, का? कारण फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या ४८व्या कलमाप्रमाणे तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर लागतं, आणि त्या कायद्यातल्या 'कामगार' या शब्दात ठेकेदारामार्फत आलेलाही येतो. १९ म्हटलं तर पाळणाघर नाही. ८३ म्हटलं तर पाहिजे.

शिलाई विभागाच्या मागे निंबाखाली एक झोळी टांगलेली पाहिली. हळू हळू हलत होती. कोणी विचारलं तर कोणाचीच नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रश्नावलीची चाचणी. पूर्ण फसली. दोष माझा.

वीस विधानं, पाच पर्याय, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत'. विद्यापीठात शिकवते तशीच बनवली होती. अठ्ठावीस जणांनी भरली, अठ्ठावीस जण पूर्णपणे सहमत. सुपरवायझर दाराशी उभा. एका बाईने मला विचारलं, 'ताई, हाई कसाले इचारतस? काम जाई का?' मी 'नाही जाणार' म्हटलं. पण तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

संध्याकाळी विद्यार्थिनी म्हणाली, 'मॅडम, मत विचारू नका, काल काय झालं ते विचारा.' म्हणजे 'तुम्हाला सन्मान मिळतो का' हे बाद. 'काल जेवलात कुठे? मशीन बिघडलं तेव्हा हाक कोणाला मारली? शेवटची सुट्टी कशी मागितली, कोणाकडे?' असं. वीस विधानं फाडून सात प्रश्न केले. बोलणं कारखान्याबाहेर, अहिराणीत मी, पावरीत ती. हिंदीवाल्यांसाठी (यूपी-बिहारकडची पोरं लूमवर बरीच आहेत) भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला माझा भाचा, त्याची हिंदी घरच्या मराठीपेक्षा बरी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

'जेवलात कुठे' या एका प्रश्नाने तीन वर्षांच्या पोस्टरांपेक्षा जास्त सांगितलं. कँटीनचं कूपन पर्मनंटला. बाकीचे निंबाखाली, डबा उघडून. कळण्याची भाकरी आणि ठेचा दोन्हीकडे तोच. मधे फक्त एक भिंत.

दुसरं: 'पावरा' हे आडनाव शेकडो लोक लावतात. दाणा विभागात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघं आहेत, बापाचं नाव वेगळं. पगारपत्रकात बापाचं नावच नाही, टोकन नंबरवर चालतं. एकाचं टोकन डिसेंबरात बदललं आणि जानेवारीचा ओव्हरटाइम दुसऱ्याच्या खात्यात पडला. दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, पैसे परत द्यायला तयार आहे. अकाउंट्सवाले म्हणतात सिस्टीममध्ये उलटं करता येत नाही. दोघांत भांडण नाही, उलट गंमत चाललीय. पण ज्याचा ओव्हरटाइम होता त्याच्या घरी लग्न आहे.

टोकन बदललं कशाने, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज आकडेमोड. प्रश्न सरळ: हेल्परचा लूम ऑपरेटर कोण होतो? लूमचा दर वेगळा, पर्मनंट व्हायचा रस्ताही तिथूनच. गेल्या दोन वर्षांचे हेल्पर, एक वर्षापेक्षा जास्त जुने, पुरुष:

गावातले नि आसपासचे ४०, त्यातले ऑपरेटर झाले १४. म्हणजे ३५ टक्के.
पावरा-भिल्ल ४५, त्यातले ऑपरेटर झाले ५. म्हणजे ११ टक्के.

अमेरिकेत १९७८ पासून नोकरभरती तपासताना चार-पंचमांशचा ठोकताळा वापरतात. एका गटाच्या निवडीचं प्रमाण सर्वांत वरच्या गटाच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर चौकशीची घंटा वाजते. आपल्याकडे असा नियम नाही, पण घंटा म्हणून उपयोगी. आपलं उत्तर ३२ टक्के. घंटा नाही, भोंगाच.

बायकांसाठी भागाकार करावा लागला नाही. वर्ष झालेल्या ५८, ऑपरेटर शून्य. कारण विचारलं तर 'मॅडम, रात्रपाळीचा कायदा आडवा येतो.' पण पहिली पाळी सात ते तीन. त्या वेळेत लूमवर बाई उभी राहायला कोणता कायदा आडवा येतो? यावर मॅनेजर म्हणाले, 'तसं कधी कोणी विचारलं नाही.'

लिहिताना हात आखडता घ्यायचा. संख्या लहान आहेत, आणि फरक दिसला म्हणजे भेदभाव ठरला असं नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाली. तिथे पात्रता मुद्दाम सारखी ठेवली होती, म्हणून बोट नावावर ठेवता आलं. माझ्याकडे तसं नाही. इथे कदाचित नोकरीत खंड असेल, कदाचित शिक्षण. तपासायचं.

३ मार्च, सोमवार

तपासलं. ज्यांच्या नोकरीत खंड नाही असेच धरले तर गाववाले ३६ पैकी १३ (३६ टक्के), पावरा-भिल्ल २२ पैकी ४ (१८ टक्के). फरक तरीही दुपटीचा, पण भोंगा जरा खाली आला. म्हणजे खंड हे मोठं कारण आहे. पावरा-भिल्ल ४५ पैकी २३ जणांना ब्रेक मिळालेला, गाववाल्यांत फक्त चौघांना.

लूम विभागाच्या सुपरवायझरशी बोलले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. तीस वर्षांची नोकरी, अमळनेर तालुक्यातले. त्यांनी लपवलं काहीच नाही. 'ताई, लूम शिकाडाले तीन महिना जातस. तीन महिना शिकाडो, अन् होयी उनी का पयी जातस गावले. मंग मी कोनाले उभा करू?' म्हणजे तीन महिने शिकवायचं, आणि होळी आली की गावाला पळून जातात.

मग स्वतःचीच गोष्ट सांगत बसले. नव्याने लागले तेव्हा पुण्याहून आलेला एक इंजिनिअर त्यांचं 'पानी' आणि 'कोन' ऐकून सगळ्यांसमोर हसायचा. आप्पांनी सहा महिने तोंडच उघडलं नाही. पाना कुठे आहे विचारायच्या ऐवजी स्वतः शोधत फिरायचे. 'तव्हय माले कोनी ईव्हेंट करी दिना नही,' म्हणाले आणि मिशीत हसले.

मला आप्पा आवडले, हे नोंदवून ठेवते. अहवाल लिहिताना आडवं येणार आहे.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. पर्मनंट बायकांना गुलाब नि स्टीलचा डबा. पाहुण्या म्हणून मलाही गुलाब.

शिलाईला आज पंचवीस मशीन बंद. भोंगऱ्या लागलाय.

१० मार्च, सोमवार

विद्यार्थिनी स्वतः भोंगऱ्याला घरी गेली आहे. जाताना मला समजावून गेली, कारण मॅनेजरांच्या टिपणात 'होळीच्या नावाखाली दीर्घ गैरहजेरी' असं वाक्य होतं. भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यातले बाजार. आज या गावी, उद्या त्या गावी, ज्या गावाचा आठवडी बाजार ज्या वारी. ढोल, बासरी, नवे कपडे, होळीचं सामान, वर्षभर न भेटलेली माणसं. आणि होळीही सातपुड्यात सगळीकडे एका रात्री पेटत नाही, गावोगावचे दिवस वेगळे. म्हणून दोन दिवसांत आटपत नाही. जळगावहून धडगावला जायलाच अर्धा दिवस.

रिकाम्या वेळात २०२४ चे मस्टर उघडले. गेल्या वर्षी होळी २४ मार्चला होती. १८ ते २४ मार्च या आठवड्यात ठेक्याची ३१ पावरा-भिल्ल माणसं नव्हती. त्यातल्या २९ जणांपुढे 'खा'. म्हणजे खाडा.

मग सहज, अगदी सहजच, मे महिना काढला. १० मे २०२४ ला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरणपोळी-आमरस होतो. कारखाना अर्धा रिकामा असणारच. ९ ते ११ मे, ३७ गाववाले नव्हते. त्यातल्या ३४ जणांपुढे 'र'. म्हणजे रजा. मुकादम तोच, वही तीच, पेन्सिलही तीच असेल.

मुकादमाला विचारलं. म्हणाला, 'आखाजी तर सण आहे ना ताई.'

आणि ठेकेदाराचा नियम असा: सलग सात खाडे झाले की टोकन बंद. परत आला की नवं टोकन, नोकरी पहिल्या दिवसापासून. गेल्या वर्षी त्या २९ पैकी १७ जणांची टोकनं अशी बंद झाली. एक अक्षर 'खा', मग ब्रेक, मग वर्ष पुरं होत नाही, मग आप्पांच्या यादीत नाव नाही, मग लूम नाही.

पण घाई नको. आखाजीची गैरहजेरी दोन-तीन दिवसांची, होळीची सात-आठ दिवसांची. 'र' लिहिलं असतं तरी आठ दिवस काम बंद राहतंच. मालकाची अडचण खरी आहे. ती अहवालात लिहायची, झाकायची नाही.

१९ मार्च, बुधवार

विद्यार्थिनी परतली, पायात नवे पैंजण. तिने गावी असतानाच कारखान्यातल्या दहा-बारा जणांना गाठून बोलून घेतलं, मी न सांगता. त्यांचं म्हणणं: होळी कधी आहे ते कॅलेंडरात वर्षभर आधी दिसतं. आमच्या गावचा भोंगऱ्या कोणत्या वारी तेही ठरलेलं. आधी विचारा, आम्ही दोन तुकड्यांत जातो. अर्धे अलीकडच्या गावांचे, अर्धे पलीकडच्या. मशीन सगळ्या बंद पडायच्या नाहीत.

'मग हे तुम्ही कधी सांगितलं का नाही?'

'कोणाला?'

हा 'कोणाला' मी अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक करणार आहे.

२४ मार्च, सोमवार

दुसरी पाळी, रोजा सुटायची वेळ. मागच्या वर्षीच्या इफ्तारचा फोटो एचआरच्या भिंतीवर आहे. लूमवर मात्र वेगळंच चाललंय. सूर्य बुडायला आला की शेजारच्या लूमवरचा माणूस दोन मशीन बघतो, रोजेदार पंधरा मिनिटं बाजूला. बदल्यात पाडव्याला सकाळची पाळी रोजेदार उचलणार. हे पाच-सहा वर्षं चालू आहे म्हणे. कोणी शिकवलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, कार्यक्रमाला तर पत्ताच नाही. आप्पांना माहीत आहे, ते त्या वेळी मुद्दाम स्टोअरमध्ये जाऊन बसतात.

हे अहवालात लिहावं का? लिहिलं तर त्याचं 'धोरण' होईल, फॉर्म येईल, सही लागेल. मोघम लिहिते: 'विभागांत परस्पर समजुतीच्या चांगल्या प्रथा आढळल्या.' आयुष्यात पहिल्यांदा अशा गुळगुळीत वाक्याचा उपयोग झाला.

२ एप्रिल, बुधवार

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती. २०१३ च्या कायद्याप्रमाणे आहे: अध्यक्ष महिला, निम्म्याहून जास्त महिला, बाहेरच्या एक वकीलबाई. तीन वर्षांत तक्रारी शून्य, आणि हे 'यश' या मथळ्याखाली. शिलाईतल्या एकाही बाईला समिती आहे हे ठाऊक नाही. सूचनाफलक एचआरच्या पहिल्या मजल्यावर, जिथे त्यांना जायचा पासच नाही. कायद्यातली 'कर्मचारी' ही व्याख्या ठेक्याच्या, रोजंदारीच्या बाईलाही धरते. वकीलबाई म्हणाल्या, मी हे दर बैठकीत सांगते आणि दर वेळी मिनिट्समध्ये 'चर्चा झाली' असं लिहिलं जातं.

४ एप्रिल, शुक्रवार

लूमवर एक ऑपरेटर ऐकू न येणारा. त्या गोंगाटात तसं कोणालाच ऐकू येत नाही, सगळे हातवारे करतात, आणि त्याचे हातवारे सर्वांत स्पष्ट. नवी पोरं त्याच्याकडूनच खुणा शिकतात. अडचण एकच: आगीचा भोंगा फक्त वाजतो. दिवा बसवा, किरकोळ खर्च. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे समान संधी धोरण हवं, वीस किंवा जास्त माणसं असली की संपर्क अधिकारीही नेमायला हवा. दोन्ही नाही.

१६ एप्रिल, बुधवार

पहिला मसुदा. ऊन चढलंय, दुपारी लिहिणं अशक्य, पहाटे चारला उठून लिहितेय.

स्कोअर दिला नाही. त्याऐवजी पाच आकडे, जे कारखान्याने दर तीन महिन्यांनी स्वतः काढावेत: हेल्परचा ऑपरेटर होण्याचं प्रमाण गटवार, बंद झालेली टोकनं आणि त्यांचं कारण, खाडा-रजेचा हिशोब सणवार, पहिल्या पाळीत लूम शिकणाऱ्या बायका, चुकलेल्या पगाराच्या तक्रारी किती दिवसांत मिटल्या. सगळ्यांत ठेक्याची माणसं धरून.

प्रशिक्षणाबद्दल स्पष्ट लिहिलं. डॉबिन, कालेव्ह आणि केली यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या ७०८ आस्थापनांची तीस वर्षांची माहिती तपासली. पूर्वग्रह घालवायच्या प्रशिक्षणाने वरच्या जागांवर महिला आणि कृष्णवर्णीय यांचं प्रमाण फारसं हललं नाही. कोणा एकावर किंवा समितीवर जबाबदारी टाकली तिथे सर्वांत जास्त हललं. अमेरिकेचं जळगावला लागू होईलच असं नाही. पण 'कोणाला सांगायचं' हा प्रश्न इथलाच आहे आणि त्याचं उत्तर दोन तासांच्या स्लाइडमध्ये नाही.

आप्पांचा भाग तीनदा लिहिला. शेवटी 'सुपरवायझर' एवढंच ठेवून त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत दिली, अहिराणीत.

२२ एप्रिल, मंगळवार

सादरीकरण. शेठ, एचआर, तिन्ही ठेकेदार.

३३ चे २५ झाले त्यावर थोडी गरमागरमी. 'पुस्तिका छापून गेली हो मॅडम.' ठेक्याची माणसं धरायच्या मुद्द्यावर मॅनेजर म्हणाले, 'ती आमची माणसं नाहीत.' मी कायद्याची कलमं काढली. शेठ मात्र त्या वेळी मस्टरची झेरॉक्स बघत होते, एका बाजूला मार्च, दुसऱ्या बाजूला मे. बराच वेळ बघून मोठ्या ठेकेदाराला विचारलं, 'नवं टोकन काढलं की तुम्हाला काय मिळतं?' ठेकेदार म्हणाला, काही नाही शेठ. मग हळूच: जुन्याला बोनस नि रजा लागू होते, नव्याला नाही.

खोलीत पंखा तेवढा वाजत होता.

विद्यार्थिनी शेवटची दहा मिनिटं बोलली, भोंगऱ्याच्या दोन तुकड्यांची योजना. गावांची नावं, वार, किती माणसं. तिला एकही प्रश्न आला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, 'मॅडम, समजलं म्हणून विचारलं नाही, का ऐकलंच नाही?'

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या आखाजी. उत्तर आलं. मान्य: आगीचा दिवा, समितीचा फलक गेटवर आणि निंबाखाली, पुढच्या वर्षापासून होळीची रजा आधी मागायची पद्धत (प्रायोगिक), पगारपत्रकात बापाचं नाव, तक्ता दुरुस्त. पहिल्या पाळीत चार बायका लूमवर, आप्पांनी स्वतः नावं दिली म्हणे. विचाराधीन: पाळणाघर, कँटीन. अमान्य: बंद झालेली जुनी टोकनं पुन्हा जोडणं. 'मागचं उकरू नये.'

माझ्या मते उकरायचं तेच होतं. अहवालात असहमतीची टीप टाकून तो तसाच दिला.

९ मे, शुक्रवार

बिल दिलं. फाइल बंद करण्यापूर्वी एक राहिलंय: दाणा विभागातल्या त्या दोघांचा जानेवारीचा ओव्हरटाइम. लग्न आखाजीला होऊन गेलं, उसने पैसे घेऊन. उसने दिले त्याच दुसऱ्याने, चुकून आलेल्या रकमेतून. अकाउंट्स म्हणतं फरक मेच्या पगारात निघेल. मेचा पगार ७ जूनला. ९ ला फोन करायचा.